राक्षस पाणी आणायला वळला तवा

माझ्या धाकट्या भावाचं, संपतचं, जमत आलेलं लग्न एका राक्षसानं मोडलं. हसताय काय? मी तिथंच बसलो हुतो.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. मावसभाऊ विलास अमेरिकेतनं वरवंडला आला, त्यानं एक खेळ आणला हुता. फासे टाकायचे आन् आपला गडी लढाईत काय करतो ते तोंडानं सांगायचं. त्यातला एक नियम संपतला फार आवडला: वैऱ्यानं पाठ फिरवली, की आपल्याला एक वार फुकट.

त्याच दिवशी कवठे येमाईचे आप्पा आपल्या लेकीसाठी संपतला बघायला आले. पाणी झालं, चहा चुलीवर हुता. आप्पा म्हणाले, "चालू द्या तुमचं, आम्हीबी बघतो."

संपतचा गडी राक्षसाच्या गुहेत शिरला. राक्षस कसा वागणार तेबी फाशावरच ठरायचं. दान असं झकास पडलं की विलास म्हणाला, "राक्षस खूश झाला. म्हणतो, या पाव्हणं, बसा. आन् पाणी आणायला आत वळला."

"पाठ फिरवली!" संपत ओरडला. "फुकटचा वार माझा! मुंडकंच उडवतो!"

आप्पांचा तर आ वासलेलाच राहिला.

"अरं, पाणी आणायला चालला हुता की रं त्यो!"

"आप्पा, नियमच हाय तसा."

आप्पा चहाला थांबले न्हाईत. "येतो" म्हणाले, आन् संपतवरची नजर न काढता उलट्या पावलांनी दाराकडं निघाले. उंबऱ्याला ठेचकाळले, पण पाठ काय फिरवली न्हाई.