वहिनींची गढूळ

—अहो, अशी घटाघट काय पिताय, औषध आहे का ते? आधी नाक न्या जवळ. येतोय ना संत्र्याच्या सालीचा वास? संत्रं एकही घातलेलं नाही हं — ती सगळी बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या फुलांची करणी. आणि गढूळ दिसते म्हणून तोंड वाकडं करू नका, ते ओट्समुळे, मुद्दाम ठेवलीय तशी. आमचे हे पण असंच तोंड करायचे. ‘गटाराचं पाणी विकणार का?’ म्हणायचे. त्यांची स्वतःची बिअर कशी, काचेसारखी — आरपार दिसायचं, आणि चवही आरपारच! मग गिऱ्हाईकं खुर्ची ओढायच्या आधी विचारायला लागली, ‘वहिनींची गढूळ आहे का?’ झालं! नवऱ्याला सगळं पचतं, दादा, बायकोचं नाव पचत नाही.

हा तुटका दात? दिसला होय. एका दुपारी मागे गेले, तर माझ्या टाकीचा खालचा व्हॉल्व्ह सताड उघडलेला — आख्खी टाकी मोरीत चाललेली, आणि हे बघत उभे. मी बंद करायला वाकले तर केस धरले आणि तोंड टाकीच्या कडेवर — एकदा, परत एकदा — मग खाली दाबलं, त्या वाहत्या बिअरमध्येच, ‘पी, पी तुझी गढूळ’ — नाकातोंडात गेली, श्वास म्हणून नाही. हाताला ढवळायचा लोखंडी दांडा लागला. घातला गुडघ्यावर. वाळकी फांदी मोडते ना, तसा आवाज. पडला. — हो, ‘पडला’च म्हणते आता, अहोजाहो त्या दिवशीच संपलं. तुम्ही म्हणाल, तिथं थांबायचं होतं. हात जोडत होता तो, ‘नको गं, नको’ म्हणत होता — मी दुसऱ्या गुडघ्यावर घातला. मग त्या जोडलेल्या हातांवर. काय वाटलं म्हणता? बरं वाटलं. फार बरं वाटलं — जाऊ दे, तुम्हाला कशाला सांगतेय मी हे, प्या तुम्ही.

सासूबाई धावत आल्या. आधी व्हॉल्व्ह बंद केला, मग लेकाकडे बघितलं. मला म्हणाल्या, ‘तोंड धू जा.’ पोलिसांना त्यांनीच सांगितलं, जिन्यावरून पडला म्हणून. आता माझ्याबरोबर धान्य भरडायला बसतात — त्या बघा, दारापाशी.

काय? टाक्या केवढ्याच्या? आणि जागा कुणाच्या नावावर? वा! चव घ्यायला आलेला माणूस जागेचं विचारतो. माझ्या नवऱ्याने पाठवलंय तुम्हाला. बायको विकायला तयार आहे म्हणाला असेल, एवढी सही झाली की संपलं म्हणाला असेल. जागा त्याच्या आईची आहे, हे नाही सांगितलं वाटतं? कुठंय तो, गाडीत बसलाय बाहेर? — सासूबाई, तो दांडा द्या जरा इकडे. — नाही, नाही, तुम्ही घाबरू नका, तुमचं काय काम त्यात. ग्लास खाली ठेवा. पैसे नकोत. उठा.