चर्चेआधीची पावडर

—नाही, डोळे उघडू नका, डॉन अर्नुल्फो, पावडर जाईल. आणि ओठही हलवू नका, तिथंच काम चाललंय. मी बोलतो, तुम्ही नुसतं ऐका. खरं तर मी बोलत नाही कुणाशी — इथं कुणालाही विचारा, म्हणतील ओल्विन म्हणजे भिंत — पण आज तुम्ही खुर्चीत बसलात आणि वाटलं, आत्ता नाही तर कधी? थोड्या वेळात तुम्ही कॅमेऱ्यासमोर सरकारवाल्या खासदारांशी भांडणार. ते येऊन गेले मघाशी. टकलावर माझी अर्धी डबी संपली, तरी चमकतंच होतं. मला म्हणाले, करार म्हणजे साधी गोष्ट आहे — अमेरिकेत आसरा मागायला गेलेले होंडुरासचे लोक विमानानं इकडे ग्वातेमालात आणायचे, त्यांनी इथंच आसरा मागायचा. म्हणाले, आपला देश सुरक्षित आहे, मी रोज कुत्र्याला फिरवतो. फिरवतात खरे — मागून बंदूकवाले चालतात.

तुम्ही विरोधात बोलणार, म्हणून सांगतो. माझ्या एका ओळखीच्या माणसाची बहीण आहे. तिकडे होंडुरासमध्ये, सान पेद्रो सुला शहरात, तिचं मक्याच्या तोर्तिया भाजून विकायचं दुकान होतं. गल्लीतला टोळीवाला हप्ता घ्यायचा — तो काय, सगळ्यांकडूनच घेतात — पण मग म्हणाला, हप्ता राहू दे, तूच ये. हिनं नाही म्हटलं. अशा माणसाला नाही म्हणून कुणी गल्लीत राहतं का? नाही राहत. निघाली, भावाकडे आली, इथं, ह्याच शहरात. भावाला वाटलं, सुटली. कसली सुटतेय. सकाळी तिकडून बसमध्ये बसलेला माणूस संध्याकाळी इथं उतरतो. आला तो. दार वाजवलं, माझ्या खाटेवर बसला, माझ्याच कपातनं कॉफी प्याला, म्हणाला, ती कधी येणार, मेहुणे —

मान सरळ ठेवा. हो. माझ्याच. माझीच बहीण ती. मीही तिकडचाच आहे, इथं मात्र ग्वातेमालातल्याच झाकापाचा म्हणून सांगत आलोय, नाहीतर कामावर कोण ठेवतं? कुणाला बोलू नका, हात जोडतो.

ती खोलीवर आलीच नाही परत. तशीच उत्तरेला गेली, मेक्सिको पार करून. आता टेक्सासमध्ये कोंडून ठेवलीय. काल फोन आला. रडली नाही. म्हणाली, करार झाला की आम्हाला तुझ्याकडेच पाठवणार, त्याला बसचं तिकीट तेवढं काढायला लागेल. मग म्हणाली, तू एवढ्या मोठ्या लोकांची तोंडं रंगवतोस दादा, कुणाला तरी सांग ना. आता मी काय सांगणार? माझी शाळा सहावीत सुटली. पण सांगतोय. तुम्ही बोललात की लोक ऐकतात. एवढंच सांगा, की त्या टोळीवाल्यांना इथं पोचणं अवघड नाही. बाकी काही नको. एवढंच.

काय? तिचं नाव? नोल्व्हिया. नोल्व्हिया सारमिएन्तो. हो, टेक्सासमध्येच... लिहून कशाला घेताय? नाही — नाही, नाव नको. नाव नसलं तर लोकांना खरं वाटत नाही, कळतंय मला, पण हे चॅनेल तिकडे दिसतं, फोनवर तर सगळीकडे दिसतं, आणि ती वाटेत मेली असं समजून बसलाय तो, त्याला समजून बसू द्या — थांबा, गळ्यातलं कापड काढतो. बोलावतायत तर बोलावू देत, थोडं थांबा. एक बहीण म्हणा, एक बाई म्हणा. नावच लागत असेल तर माझं घ्या, येऊ दे त्याला परत माझ्याकडे. ओल्विन सारमिएन्तो. अहो, तिचं खोडा ते, माझं लिहा. डॉन अर्नुल्फो, माझं घ्या, माझं —