मळ्यापर्यंत आलेला धूर

काटेवाडीच्या आबांचं तुम्हाला कधी सांगितलं का? नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाड्यांच्या धुराचं पुढं काय होतं ते बघायला आम्ही हवा तपासणाऱ्यांनी त्यांच्या मळ्यातल्या घरावर हवा कागदातून गाळणारं यंत्र ठेवलं होतं. त्यांच्या बायकोला, काकूंना, दमा, म्हणून आबांनी ट्रक चालवणं सोडलं आणि भिगवणचं हायवेवरचं घर सोडून ते मळ्यात आले होते.

संध्याकाळी यंत्रातला पांढरा कागद करडा निघाला.

"हितं तर गाडी न्हाय," आबा म्हणाले.

"धुरातली काजळी आणि वायू वाऱ्यानं येतात, आबा. वाटेत उन्हात वायूचीपण बारीक धूळ होते."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी हिला हितं आणून उपेग न्हाय."

भिगवणपेक्षा इथं कमीच आहे, असं मी सांगणार तोच काकू म्हणाल्या, "तुमी ट्रकवर व्हता तवा महिना महिना दिसत न्हवता. आता रोज संगं च्या पिताय."