‘ना’चं पान

बाई : सही मी आधी करणार नाही. आधी वाचणार, मग सही. हा नियम तुमचाच आहे, सर.

सर : वाच की! कोणी हात धरलाय तुझा? फक्त जरा भरभर वाच. पाच वाजता छापखान्याचा फोरमन पान न्यायला येतोय.

बाई : नऊ वर्षांत साधं एक पत्र नाही, आणि काल भर वर्गात शिपाई पाठवलात. म्हणे, कोशाच्या कचेरीत बोलावलंय, ताबडतोब! मुख्याध्यापकांना वाटलं, माझ्या घरचं कोणीतरी गेलं.

सर : तो शिपाई महा आगाऊ आहे. मी ताबडतोब म्हटलंच नव्हतं.

बाई : मग काय म्हटलं होतं?

सर : लगेच.

बाई : धन्य आहे तुमची! आणि अजून ‘ना’च का? मी इथली नोकरी सोडली तेव्हाही तुम्ही ‘ना’वरच अडला होतात.

सर : अडलो कुठे? पहिला खंड ‘ना’पाशी संपतो. एकाक्षरी शब्द, तेच जगातल्या सगळ्या भाषांमधून शोधायचे, म्हणजे काय खायचं काम आहे? बाकीची पानं तयार आहेत. एवढं एक राहिलंय. पानावर दोन सह्या लागतात. एक माझी, एक ज्यानं शब्द जमवला त्याची. ‘ना’ तू जमवलास.

बाई : बाकीच्या पानांवर दुसरी सही कोणाची आहे?

सर : आता जुनी माणसं कुठून आणू? काही गेली, काही नोकरी सोडून पांगली. त्यांच्या जागी मीच केली.

बाई : म्हणजे दोन्ही सह्या तुमच्या! मग याच एका पानावर नियम का आठवला?

सर : वाच गं बाई, वाच. वेळ जातोय.

बाई : वाचते. पण एक सांगून ठेवते. याच शब्दापायी मी इथून गेले, हे मी विसरलेले नाही. मी एवढंच लिहिलं होतं की ‘बस ना’, ‘ये ना’ म्हणताना आपण जो लाडाचा ‘ना’ लावतो, तो नकाराच्या ‘ना’तूनच आला असावा. ‘येतोस की ना?’ असं विचारता विचारता झिजून त्याची विनवणी झाली. तुम्ही ती टीप सगळ्यांसमोर टराटरा फाडलीत. म्हणालात, कोश म्हणजे भातुकली नव्हे.

सर : आवाज कमी. बाहेर शिपाई ऐकतोय.

बाई : ऐकू दे! तेव्हा अख्ख्या कचेरीनं ऐकलं होतं. … बरं. ‘ना’. आपल्याकडे नकार. फारसीतही नकार. लॅटिनमध्ये ‘ने’, तोही नकार. ग्रीकमध्ये मात्र ‘ने’ म्हणजे हो. रशियनमध्ये ‘ना’ म्हणजे घे, धर. जपानीत नाव. थाई भाषेत भाताचं शेत. स्वाहिलीत…

सर : स्वाहिलीत काय? थांबलीस का?

बाई : स्वाहिलीत शर्ट चार, चादरी दोन, उशीचे अभ्रे तीन, टॉवेल एक, फाटका.

सर : थट्टा करू नकोस.

बाई : मी कशाला थट्टा करू? छापलंय इथे! या शब्दाचं मी लिहिलेलं कार्ड कुठे आहे? हं, हे बघा. लाँड्रीच्या बिलाच्या पाठीवर मी स्वच्छ लिहिलंय, ‘आणि, सोबत’. कागद वाचवायचा म्हणून तुम्ही आम्हाला सगळं पाठकोऱ्या कागदांवर लिहायला लावायचात. आणि नको ती बाजू लाल रेघेनं खोडायचं काम दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा नाहीत.

सर : मग?

बाई : मग तुम्ही माझी बाजू खोडलीत आणि धोब्याची ठेवलीत! छपाईवाल्यांनी जे होतं ते जुळवलं. आणि खाली तुमची झोकदार सही.

सर : घाईत झालं असेल.

बाई : तुम्ही आणि घाई? एक अर्धविराम चुकला म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. … सर, ही वरची ओळ वाचून दाखवा.

सर : चष्मा घरी राहिला.

बाई : चष्मा नाकावर आहे तुमच्या.

(सर चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा लावतात. कागद पार नाकापर्यंत नेतात आणि टेबलावर ठेवतात.)

बाई : कधीपासून?

सर : दोन वर्षं होतील. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं थोडं दिसतं. डॉक्टर म्हणतो, तेही जाणार.

बाई : घरी माहीत आहे?

सर : कशाला? हातातलं काम काढून घेतील.

बाई : आणि या दोन वर्षांत किती पानांवर सह्या ठोकल्यात?

सर : तीनशे बारा.

बाई : न वाचता!

सर : सगळी डोक्यात आहेत माझ्या.

बाई : उशीचे अभ्रेही डोक्यात होते का?

फोरमन : येऊ का साहेब? पान झालं ना? अरे, ताई! किती वर्षांनी! बरं झालं आलात. सही करा पटकन, मशीन आजच्या दिवस मोकळं आहे. उद्यापासून शाळेची पुस्तकं चढतायत, मग आपला नंबर एकदम पुढच्या वर्षी.

बाई : तुम्हाला हे शर्ट आणि चादरी दिसल्या नाहीत?

फोरमन : दिसल्या की. म्हटलं, असेल बुवा तिकडे तसं. साहेबांची सही असली की आम्ही तोंड उघडत नाही. मागे एकदा उघडलं होतं, तर पान अंगावर आलं. आणि आता तर तुमचं नाव पहिलं आहे, तुम्हीच काय ते बघा.

बाई : माझं नाव? कुठे?

फोरमन : मुखपृष्ठावर. आधी तुमचं, खाली साहेबांचं. साहेबांनी सांगितलं नाही?

बाई : सर! मला विचारलं होतं कोणी?

सर : तुझा हक्कच होता तो. वाटलं, खूश होशील.

बाई : खूश? न वाचलेल्या तीनशे बारा पानांच्या डोक्यावर माझं नाव, आणि मी खूश होऊ? उद्या माझ्याच शाळेतली मुलं हा कोश उघडतील!

सर : शुद्धिपत्र जोडू मागे. पोरी, छापू दे. वर्षभर थांबलो तर कडेचंही दिसणार नाही मला. चव्वेचाळीस वर्षं घातली या पुस्तकात. एकदा, कडेनं का होईना, मला ते बघू दे.

बाई : असं बोलू नका हो. मला रडवू नका.

सर : मग कर सही.

बाई : नाही. नाही करणार. कोणी बघत नसतानाही चूक सोडायची नाही, हे तुम्हीच माझ्या डोक्यात भरवलंत. आता कुठून काढू ते? फोरमन, मशीन शाळेच्या पुस्तकांना देऊन टाका.

फोरमन : साहेब?

(सर टेबलावरचं पान चाचपडून उचलतात आणि बाईंच्या पुढ्यात सरकवतात.)

फोरमन : साहेब, सांगा काहीतरी. माणसं खोळंबलीत तिकडे.

सर : ती म्हणते तसं कर.

फोरमन : बरं. जुळवलेली पानं बांधून ठेवतो. येतो, ताई.

बाई : गेला तो. … बोला आता. शिव्या द्या हव्या तर.

सर : शिव्या कसल्या देतेस… देतो! बघ, माझं व्याकरणही गेलं. जा तू घरी.

बाई : रविवारी येईन. शनिवारी दुपारनंतरही. मी वाचणार, तुम्ही ऐकायचं. आणि घरी आज सांगायचं, नाहीतर मी सांगेन. हे पान तर आत्ताच संपवू. उरलंय किती? खाली एक टीप आहे. ‘विनवणीचा ना हा नकाराच्या…’ सर, हे इथे कसं आलं?

सर : फोरमनला तोंडी सांगितलं.

बाई : त्या टिपेचा कागद तर तुम्ही फाडला होता.

सर : पाठ होतं.

बाई : शब्दन् शब्द माझाच आहे. म्हणजे पटलं तुम्हाला. कधी पटलं?

सर : तू गेलीस, त्याच आठवड्यात.