चौथ्या वहीपासून पुढं

निकिता : त्या कार्डाला हात नका लावू, तात्या. जरा हललं की परत पहिल्यापासून सुरू.

तात्या : हात न्हाय लावला. दिवा लागलाय का तेवढं बघत होतो.

निकिता : दिवा लागला म्हणजे कार्डात वीज पोचली, एवढंच. लॅपटॉपला ते अजून ओळखू येत नाही.

तात्या : सोलापूरचा दुरुस्तीवाला म्हणला होता, डिस्क बाहेर काढतो, अर्ध्या तासाचं काम.

निकिता : मग काढली, तेव्हा उघडली?

तात्या : न्हाय.

निकिता : उघडणारच नाही. तुमच्या वरददादांनी डिस्कला कुलूप घातलंय आणि ते फक्त ह्याच लॅपटॉपमध्ये उघडतं. पडद्यावर नुसत्या इंग्रजी आज्ञा चालतात, मराठी फाइल उघडत नाही. यूएसबी जळालेली, सीडी फिरत नाही. आतलं बाहेर काढायला एकच वाट उरली, हे वायरलेस कार्ड. वीस-बावीस वर्षांपूर्वीचं. हैदराबादच्या भंगारातनं तिसरं मागवलं, तेव्हा कुठं हे जिवंत निघालं.

तात्या : तीन महिने झाले, व्हय ना? तुझ्याकडं वजनकाट्यांची जुनी मशीनं येतात, कुणी म्हणलं, म्हणून तुळजापूर सोडून उमरग्याला आलो.

निकिता : वजनकाट्याचं मशीन निदान शिव्या दिल्या की ऐकतं. बघा, आत दोन ड्रायव्हर आहेत. कार्ड लावलं की दोघंही म्हणतात, हे माझं. चुकीचा आधी उठतो आणि धरून बसतो. त्याला आज मी गप्प बसवलं. आता बरोबर ड्रायव्हरच्या फाइलीत ह्या कार्डाचा नंबर लिहायचा. त्या यादीत हा नंबर नाही, म्हणून तो ह्याला दारात उभं करत नाही.

तात्या : आमच्यातबी तसंच. एका यजमानावर दोन पुजारी हक्क सांगतात. मग वही उघडायची. ज्याच्या वहीत त्याच्या आज्याची सही, यजमान त्याचा. वहीत न्हाय, तो कितीबी ओरडला तरी परका.

निकिता : तात्या, तुम्ही इतक्यांदा आलात, मी विचारलं नाही. ह्या लॅपटॉपमध्ये उतरवलेल्या यजमानांच्या मूळ वह्या कुठं गेल्या?

तात्या : बोरी नदीत. नळदुर्गाच्या पुलाखाली. म्या सोडल्या, ह्या हातांनी. सातच्या सात.

निकिता : सोडल्या?

तात्या : पणज्याच्या वेळच्या वह्या, कसर लागलेली. पान उलटलं की भुगा. जीर्ण पोथी घरात ठेवू न्हाय, वाहत्या पाण्याला द्यायची, ही आमची रीत. वरद म्हणला, सगळं मशीनमध्ये उतरवलं. मग अमावास्येला सोडल्या.

निकिता : आधी झेरॉक्स काढून ठेवायची होती.

तात्या : भुग्याची कसली झेरॉक्स काढतीस?

निकिता : एवढी घाई कशाची होती पण?

तात्या : त्याला पुण्याला नोकरी लागलेली. म्या सांगितलं, वह्या उतरवून झाल्याबिगर उंबरा ओलांडायचा न्हाय. रोज दिवेलागणीला विचारायचो, झालं का? मान हलवायचा. एका संध्याकाळी म्हणला, झालं. दर खेपेला तुझ्याकडं येताना तो पूल लागतो. एस्टीत म्या दुसऱ्या बाजूला बसतो.

निकिता : थांबा. कार्ड धरलं ड्रायव्हरनं. आता जुना राउटर. आजकालच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटशी हे कार्ड बोलत नाही, त्याला त्याच्या वेळचाच सोबती लागतो. पासवर्डला दहा आकडे सांगा.

तात्या : वरदचा मोबाइल नंबर घाल. एक वर्ष झालं बंद होऊन, पाठ हाय अजून.

(तात्यांचा फोन वाजतो. ते तो स्पीकरवर ठेवतात.)

लीला : अहो, झालं का?

तात्या : लागायला आलंय.

लीला : आपल्या यजमानाचा, बसवेशचा फोन आला होता. उद्या सकाळी आईला घेऊन येतोय अभिषेकाला. संकल्पात चार पिढ्यांची नावं पाहिजेत म्हणतो. मी म्हणलं, ये, मिळतील.

तात्या : कशाला कबूल केलंस?

लीला : मग काय म्हणू? वरद होता तवर कुणी रिकामं गेलं का? तुम्ही पुण्याला फोन करायचा, तो म्हणायचा बघून सांगतो, दुसऱ्या दिवशी नावं हजर. तिकडं सूनबाईनं सगळं घर पालथं घातलं, काही सापडलं न्हाय. म्हणजे ह्याच मशीनमध्ये असणार. निकिता ऐकतीय का?

निकिता : बोला काकू.

लीला : जेवलीस का, बाई?

निकिता : लागल्यावर जेवीन.

लीला : तू मशीनवर चिठ्ठी लावतीस ना, काय झालं, काय निघालं? ती नीट मोठ्या अक्षरात लिही. परवा देवळाच्या पायरीवर एक भावकीतला म्हणला, पोरानं बापाच्या वह्या बुडवल्या. माझ्या तोंडावर. वरदनं शाळेतला नकाशासुद्धा कधी अर्धा ठेवला न्हाय. ती चिठ्ठी मी त्याला वाचायला देणार हाय.

तात्या : ठेव आता. काम चाललंय.

निकिता : काकू चिठ्ठीला सर्टिफिकेट समजतात.

तात्या : समजू दे. वर्षभरात तिनं दुसरं काय मागितलं न्हाय.

निकिता : लागलं, तात्या.

तात्या : काय?

निकिता : लागलं! बघा, माझ्या कॉम्प्युटरवर त्यांचा लॅपटॉप दिसतोय. गोगलगायीसारखं चाललंय, पण चाललंय. हे फोल्डर. वही एक, दोन, तीन… सातापर्यंत. सातही आहेत.

तात्या : आई भवानी. उघड पहिली.

निकिता : हे वाचा.

तात्या : निलंग्याची मंडळी. गाव, कूळ, बापाचं नाव, आज्याचं. ह्यानं तर कोण कधी आलं तेबी घातलंय. हे बघ, शाई पुसलेली तिथं तसं लिहिलंय. चोख काम.

निकिता : दुसरी घेतली. तिसरी येतीय. चौथी… ही झटकन आली.

तात्या : चांगलं हाय की.

निकिता : लई हलकी आहे ही. पहिलीच्या शंभराव्या हिश्शाएवढी. उघडते… एक गावाचं नाव. खाली मोकळं. पुन्हा एक गाव. मोकळं.

तात्या : पाचवी बघ.

निकिता : नुसती गावं.

तात्या : सहावी? सातवी?

निकिता : सातवीत तीन गावं. बाकी काही नाही.

तात्या : दुसरीकडं ठेवलं असंल. त्याची सवय होती, एका ठिकाणी ठेवायचा न्हाय.

निकिता : (तासाभरानं) पूर्ण डिस्क शोधली, तात्या. दोनदा. उडवलेल्या फाइलीसुद्धा. टाइपच केलेलं नाही.

तात्या : तारीख असते ना त्याच्यावर?

निकिता : चौथी ते सातवी, चारही एकाच दिवशी. अठ्ठावीस नोव्हेंबर दोन हजार पाच. शेवटची, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

तात्या : दिवेलागणीची वेळ. म्या विचारत होतो ती.

निकिता : नंतर करू म्हणाले असतील. वह्या घरातच राहणार, असं वाटलं असेल त्यांना.

तात्या : तिसऱ्या दिवशी अमावास्या होती. तो पुण्याला पोचल्यावर म्या फोनवर सांगितलं, वह्या सोडल्या म्हणून. लई वेळ काय बोललाच न्हाय. म्या समजलो, रेंज गेली.

निकिता : पाणी देऊ?

तात्या : नको. मग वीस वर्षं फोनवर ती नावं कुठनं सांगत होता गं?

निकिता : त्या त्या गावात फोन करून विचारत असतील. म्हणून तर एक दिवस लागायचा.

तात्या : असंल. नसंलबी. त्या नावांनी लोकांनी अभिषेक केलेत. बसवेशच्या बापाला म्याच ती नावं वाचून दाखवली होती, तो हात जोडून उभा होता.

निकिता : तीन वह्या तरी निघाल्या.

तात्या : त्या पेनड्राइव्हवर दे. हातानं उतरवीन. घरी म्हणीन, आठवून लिहिल्या. आणि चिठ्ठीवर लिही, कार्ड लागलं न्हाय.

निकिता : लागलंय ते! तीन महिने घासलंय मी त्याच्यापाठी. आजवर एक चिठ्ठी खोटी लिहिली नाही. आणि उद्या बसवेशला काय सांगाल?

तात्या : वही न्हाय, नावं ठाऊक न्हायत. वह्या बुडवल्या त्या म्या बुडवल्या, भावकीला तसं सांगायला तोंड हाय मला. पोराचं तोंड आता कुठाय?

निकिता : काकूंना कळलं तर?

तात्या : कशानं कळंल? तू आणि म्या.

(फोन पुन्हा वाजतो.)

लीला : अहो, झालं का?

तात्या : न्हाय झालं. कार्ड लागलं न्हाय.

लीला : न्हायच लागलं?

तात्या : न्हाय. पोरीनं लई केलं. मशीनच जुनं.

लीला : बरं. या मग. साडेपाचची गाडी धरा. चिठ्ठी तेवढी आणा, त्या माणसाला दाखवायला. वरदनं केलंय सगळं, मशीन उघडंना त्याला तो काय करणार.

तात्या : आणतो.

निकिता : …पेन द्या इकडं, तात्या.