गुरुवारच्या अरबी पेपरातलं इंजिन

जबाब, दि. ११ जून १९९४

मी अख्तरुन्निसा रहिमतुल्ला मुकादम, वय ४३, धंदा खानावळ, राहणार गुदैबिया, मनामा, मूळची तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन दुभाषी बाळाजी मयेकर यांच्यासमोर मराठीत सांगते की,

माझा धाकटा भाऊ झुबेर झल्लाकच्या एका रिसॉर्टवर बोटींचा मेकॅनिक आहे. गुरुवार ५ मे रोजी संध्याकाळी तो सुट्टी संपवून दापोलीहून परत आला. शुक्रवारी कामावर गेला. शनिवारी एका बोटमालकाने तक्रार दिली की, शुक्रवारी दुपारी बोटीचं इंजिन चोरीला गेलं. झुबेरला अटक झाली.

सोमवारी इंग्रजी पेपरात त्याचा फोटो आला. वर मोठ्या अक्षरांत 'इंजिनचोर सापडला'. कोर्टात केस उभीसुद्धा राहिली नव्हती. माझ्याकडे चौदा माणसं जेवतात. जमिनीवर जुने पेपर अंथरून त्यावर ताटं मांडायची आमची पद्धत आहे. मंगळवारी तोच पेपर अंथरला गेला. शाहिद नावाच्या गिऱ्हाइकाच्या ताटाखाली माझा भाऊ होता. मी ताट उचललं. बुधवारपासून पाच जण यायचे बंद झाले.

ती बातमी लावणारे शैलेंद्र पटवर्धन मूळ पुण्याचे. दर शुक्रवारी माझ्याकडे मासे खायला येतात. मी विचारलं, "भाऊ, निकाल कोर्ट देतं का तुम्ही?"

ते म्हणाले, "ताई, पोलिसांनी सांगितलं ते छापलं. तुम्ही पुरावा आणा, पहिल्या पानावर छापतो."

त्या दिवशी त्यांना मासे वाढले नाहीत. नुसती आमटी वाढली.

अरबी पेपर आम्ही अंथरत नाही. त्यात अल्लाचं नाव असतं. दुकानातून आणलेल्या रद्दीत आले तर मी ते कपाटावर ठेवते. ५ जूनला गठ्ठा आवरताना एका पेपरात इंजिनाचं चित्र दिसलं. मला अक्षरं वाचता येतात, अर्थ लागत नाही. बुसैतीनच्या शिक्षिका मुनीरा माझ्याकडून डबा नेतात, त्यांनी वाचून सांगितलं. जाहिरात त्याच मालकाची, इंजिनाचा नंबर तक्रारीतलाच, आणि इंजिन चार दिवसांपासून गायब. पेपर ५ मेचा. म्हणजे इंजिन गेलं तेव्हा झुबेर दापोलीत होता. मुनीरा म्हणाल्या, "खलास!" म्हणजे प्रश्न मिटला. महिनाभर आम्ही त्या पेपराला मान दिला, वाचला मात्र नाही. याचं मला फार वाईट वाटतं. मालकाने तारीख का बदलली ते त्यालाच विचारावं.

तो पेपर मी शैलेंद्रभाऊंना नेऊन दिला. ७ जूनला त्यांनी शब्द पाळला. पहिल्या पानावर जाहिरातीतली आणि तक्रारीतली अशा दोन्ही तारखा शेजारी शेजारी छापल्या. झुबेरचा व्हिसा रद्द करून १२ तारखेला त्याला परत पाठवायचं ठरलं होतं. न्यायाधीशांनी ते थांबवलं आणि कंपनीकडून त्याचा पासपोर्ट मागवला. त्यातला परत आल्याचा शिक्का ५ मेचाच निघाला. त्याला सोडण्याचा हुकूम झाला आहे. मला अतिशय आनंद झाला आहे, हे लिहा असं मी सांगितलं. दुभाषी म्हणाले, "बाई, जबाबात असं लिहीत नाहीत." मी म्हटलं, "लिहा."

साहेबांनी सही मागितली. भाऊ समोर आल्याशिवाय करणार नाही, असं मी सांगितलं. त्याला आणलं. तो बारीक झाला आहे. तो मराठी शाळेत शिकलेला असल्याने वरचा सगळा मजकूर मी त्याच्याच तोंडून मोठ्याने वाचून घेतला. मी सांगितलं तसाच आहे. सही करते.