झाकणाले भोक पायजे

माहा जलम बडनेऱ्याचा, भाऊ. बाप रेल्वेच्या यार्डात कोळसा उतरवे अन् घरी आला का हाताले जे लागन त्यानं मले हाने, मी काई केलं असो का नसो. शाळेत मास्तर हाने म्हून शाळा सोडली, अकोल्याले एका उस्तादाच्या गॅरेजात राह्यलो, तं तो लोखंडी पान्यानं हाने, हे पाहा, अजून डोक्शात खोक आहे. काय सांगू तुमाले, मार खाऊनच मोठा झालो, म्हून माहा हात बी लवकर उठे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवा समजलं का मानसानं मानसाले हानू नये, पन आपल्याले समजलं म्हून हात थोडीच ऐकते. गाडीचं बरं असते, ती उगीच रागावत नाई, तिच्या रागाले कारन असते, ते सापडलं का झालं.

मंग अमरावतीले केशवशेठची मोटर चालवाले लागलो. लढाईच्या आधीची इलायती गाडी, पार म्हातारी, पन इंजन मी लेकरावानी सांभायलं होतं. अमरावती, मोर्शी, वरूड, भाड्याचे मानसं कोंबून न्याचो. तिच्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं वायसर, म्हंजे रबराची चकती, झिजलं होतं, वळनावर पेट्रोल बाहेर उडे. पासिंगले नेली तं आरटीओच्या साहेबानं झाकणाखालून बोट फिरवलं, वास घेतला अन् म्हने हे पेटलं तं मानसं जळतीन, वायसर बदला, मंगच पास करतो. बराबर बोलला तो, त्याच्यात त्याचं काई चुकलं नाई. पन जुन्या गाडीचं वायसर भेटे कुठं, अन् शेठले घाई. मी बहिनीकडे गेलो होतो, तेवढ्यात शेठनं काय केलं, झाकणाले हवेचं बारीक भोक होतं ते टिनवाल्याकडून कथलाची झाळ मारून बुजवलं, आतून सुतळी गच्च गुंडाळली, वरून रंग दिला. थेंब गळेना. गाडी पास. मी आलो तं भोकाचं काई न सांगता म्हने घे, चालव.

आता तुमी म्हनान भोक बुजवलं तं काय झालं. अहो, टाकीतलं पेट्रोल जसं खाली जाते तशी त्या भोकातून हवा आत याले पायजे. तेलाच्या डब्याले एकच भोक पाडलं का तेल कसं अडते, तसंच. हवा नाई तं पेट्रोल नाई. गावातल्या गावात फिरलो तवा काई समजलं नाई, लांब गेल्यावर समजलं.

वरूडच्या स्टँडवर भर दुपारी उभा होतो. एक बैलबंडी पळतच आली, बंडीत दिनकर नावाचा बागाईतदाराचा पोरगा रक्तानं न्हायेल. संत्र्याच्या बागेत पान्याच्या पाळीवरून चुलतभावानं कुऱ्हाड हानली होती, खांद्यातून हाड दिसे. संगं त्याची माय अन् थोरला भाऊ शेषराव. शेषराव म्हने अमरावतीच्या दवाखान्यात ने, मेला तं तुले बी ठेवत नाई. बसलेले लोक मी उतरवले अन् गाडी सोडली. बुढी लुगड्याच्या पदरानं जखम दाबून बसली होती, पदर पिळला तं रक्त गळे.

मोर्शीच्या अलीकडं गाडी गुचक्या देऊन बंद. पंप पाह्यला, वायरी पाह्यल्या, सारं ठीक. शेषराव म्हने पेट्रोल नाई काय रे. मी म्हटलं आहे ना, अन् दाखवाले टाकीचं झाकण उघडलं, काडी बुडवली, ओली काडी त्याच्या डोयापुढं धरली. झाकण लावलं, समोरून लोखंडी हँडल मारलं, गाडी एका झटक्यात चालू. मले वाटलं बरं झालं, पन शेषरावची नजर फिरली होती, त्याले वाटलं मी सोंग करून रायलो.

मोर्शी मांगं टाकली अन् पुन्हा बंद. दिनकरचे ओठ पांढरे पडले होते. मी हँडल घेऊन उतरतच होतो, तं शेषरावनं माही कॉलर धरून मले बाहेर ओढलं. म्हने आमच्या चुलत्याकडून पैसे खाल्ले तू, धर्म बदलून लय माजले तुमी, आता सूड घेऊन रायले काय. अन् माह्याच हातातलं हँडल हिसकून त्यानं माह्या उजव्या कानावर घातलं. मी मांगच्या चाकापाशी पडलो, वरून लाता. बुढी बोंबलली, आरे मेल्या, त्याले मारलं तं गाडी कोन चालवीन. उठासाठी मी टाकीचं झाकण धरलं तं ते हातात फिरलं, अन् आतून लांब आवाज आला, फुस्स, बुडनारा मानूस वर येऊन श्वास घेते तसा. उजवा कान तं गेलाच होता, डाव्यानं ऐकलं. झाकण पालथं केलं, झाळ दिसली. शिवी हासडून ते नाल्यात फेकलं, टाकीच्या तोंडाले चिंधी बांधली, अन् जी गाडी हानली ती दवाखान्यातच थांबवली. दिनकर वाचला.

तिथून रक्तानं भरलेलाच शेठच्या घरी गेलो. त्याच्या नाकातोंडावर पंजा दाबला अन् डोये बाहेर येईस्तोवर सोडला नाई. म्हटलं घे श्वास, भोक बुजवून गाडी चालते ना, मंग तू बी चाल. लोकायनं ओढलं म्हून वाचला तो. पोलिसायनं मले लय तुडवलं, जेल झाली, पन त्याचा पस्तावा मले आज बी नाई.

सुटलो, दुसरी गाडी धरली. काई वर्सांनी अमरावतीच्या संत्रा बाजारात ती बुढी दिसली, वाळून काडी झालेली. तिनंच मले ओळखलं. म्हने खांदा भरला अन् दिनकरनं तीच कुऱ्हाड घेतली, चुलतभावाले बागेत तोडला, अन् सरकारनं दिनकरले फाशी देल्ली. तो चुलतभाऊ आईबिगर, याच बुढीच्या दुधावर वाढलेला. मले म्हने बापू, त्या दिवशी तुही गाडी बंदच राह्यली असती तं एक गेला असता, एक उरला असता. मंग तिनं माह्या मेलेल्या कानावर हात ठेवला अन् म्हने हे माह्या पोरानं केलं, तरी तू माहं पोरगं वाचवलं, तुले औक्ष लागो. एकाच तोंडानं दोन्ही बोलली.

आता गाडी सुटली, नजर गेली. बुढीचं बोलनं त्या बहिऱ्या कानात बसून आहे, जात नाई. ती खोटं बोलली असं मी म्हनत नाई. पन गाडीत मानूस मरून रायला अन् झाकण आपल्या हातात आहे, तं तुमीच सांगा, उघडू नये काय? उद्या कोनी तसाच आनला तं मी पुन्हा उघडीन.